दिसला हात

१

फार वर्षांपूर्वी, तारकाकांना अजून कोणी तारकाका म्हणत नव्हतं तेव्हा, त्यांनी एका रिकाम्या तारेवर कोणीतरी खाकरलेलं ऐकलं होतं.

टेलिफोनच्या खात्यात ते नुकतेच लागले होते. रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीत तारांच्या जोड्याच जोड्या असत. कानाला चाचणीचा फोन लावायचा, एकेक जोडी चिमट्यात धरायची आणि ती कुणाच्या घरी जाते ते बघायचं. एक जोडी कुठेच जात नव्हती. तिचं पलीकडचं टोक त्यांनी स्वतःच सकाळी कापून चिकटपट्टी गुंडाळून ठेवलं होतं. तरी सहज, काही कारण नसताना, त्यांनी तिच्यावर चिमटा लावला.

आधी नुसती खरखर. मग कोणीतरी खाकरलं. दोनदा. दुसरं खाकरणं अर्धवट गिळलेलं, बोलायच्या आधी माणूस घसा साफ करतो तसं. काका वाट बघत राहिले. पलीकडचाही वाट बघत होता.

"काय रे, लागली का लाइन?" बरोबरच्या मिस्त्रींनी मागून विचारलं.

"कोणीतरी आहे."

"शेजारच्या जोडीतलं झिरपतं कधी कधी. उत्तर देऊ नकोस म्हणजे झालं."

मिस्त्री हे हसत म्हणाले की नाही, ते काकांना कधीच नीट आठवलं नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही, हे मात्र खरं. त्यात शहाणपण नव्हतं आणि भीतीही नव्हती. काय बोलावं ते सुचेपर्यंत आवाज बंद झाला होता, इतकंच.

त्यांचं सगळंच तसं. बायको चारचौघांत सांगायची, "यांना नाव विचारलंत तर आधी खाकरतील, मग विचार करतील आणि मग माझ्याकडे बघतील." ती होती तोवर काकांची उत्तरं तीच द्यायची. ती गेली, आणि काकांकडे खाकरणं तेवढं राहिलं.

२

उतारवयात ते एका छोट्या कंपनीत चिकटले. ही कंपनी लोकांच्या इमारती लांबून सांभाळायची. दवाखाने, गोदामं, वसतिगृहं. त्यांची दारं, दिवे, कॅमेरे सगळं एका खोलीतून बघायचं. त्या खोलीत बाई बसत. बाई हुशार, तोंडाने फटकळ आणि मनाने चांगल्या. काकांच्या निम्म्या वयाच्या, पण काकांवर हक्काने रागवायच्या.

या धंद्यातली एक जुनी डोकेदुखी होती. प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात त्याला. पण कुठल्याही इमारतीत जा, आतले नंबर तेच. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, दहा. बसवणाऱ्याच्या हाताला तीच सवय. यात तसं वावगं काही नाही, प्रत्येक आळीत पहिलं घर असतंच. पण साऱ्या आळ्यांचं टपाल एकाच पोस्टमनच्या झोळीत आलं आणि पाकिटावर नुसतं 'पहिलं घर' लिहिलेलं असलं, तर बिचाऱ्याने कुठलं दार वाजवायचं? बाईंचं काम हेच. कुठली आळी कुणाची ते ओळखायचं, आणि एका ग्राहकाचा नंबर दुसऱ्याच्या नंबरावर चढू द्यायचा नाही.

आणि काकांचं काम हात दाखवायचं. नवी इमारत जोडली की काका तिथे जात. भिंतीवरच्या डब्यासमोर उभे राहात. डब्याला छोटा पडदा, वर कॅमेऱ्याचा डोळा, खाली बोलायची जाळी. फोनवर बाई म्हणत, "हात दाखवा." काका डावा हात वर करत, पंजा उघडा. बाई म्हणत, "दिसला हात." म्हणजे नंबर आणि जागा जुळली. मग पुढची खोली.

तसाच एक डबा काकांच्या घरीही होता. कंपनीने पहिला डबा चाचणीला त्यांच्याकडे लावला आणि तो तिथेच राहिला. त्याला नंबरही काकांनीच दिला होता, हाताच्या सवयीचा. त्याच्या डोळ्यावर झाकण होतं, ते काकांनी कधी लावलं नाही. कोण बघणार होतं त्यांना? दूरच्या शहरात राहणारी लेक दर रविवारी सकाळी त्या डब्यावर फोन करायची. "जेवलात का, औषध घेतलंत का," असं विचारायची. काका "हं" म्हणायचे. मग दोघं थोडा वेळ एकमेकांकडे बघत बसायची आणि लेक म्हणायची, "बरं, ठेवते."

आई गेली तेव्हा लेकीला पोचायला उशीर झाला होता. दारातच तिने विचारलं होतं, "शेवटी काय म्हणाली?" काका खाकरले. पण तेवढ्यात माणसं मध्ये आली, आणि ते उत्तर राहिलं ते राहिलंच. लेकीने पुन्हा विचारलं नाही.

३

ती इमारत म्हाताऱ्या माणसांसाठी बांधली होती. अजून कोणी राहायला आलं नव्हतं. लांब ओसरी, एकासारखी एक दारं, प्रत्येक खोलीत एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर एक डबा. गाद्यांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. खिडकीतून दुपारचं ऊन आत येऊन नुसतंच पडलं होतं.

काका पहिल्या खोलीत शिरले. खांद्यावर हत्यारांची पिशवी, उजव्या हातात फोन.

"पोचलात?" बाईंनी विचारलं.

"हं."

"चला, पहिली खोली. हात दाखवा."

काका पिशवी खांद्यावरून काढत होते.

"दिसला हात," बाई म्हणाल्या. "पुढची."

काका पिशवी धरून तसेच उभे राहिले. खाकरले. "काय दिसलं?"

"हात, काका. दुसरं काय दाखवता तुम्ही?"

"मी अजून वर केला नाही."

"तुम्ही आणि थट्टा? ताप आलाय का?"

"पिशवी आहे हातात."

"कुठली पिशवी? समोर उभे आहात माझ्या. चौकडीचा शर्ट, नवा दिसतोय. शोभतोय हो."

शर्ट लेकीने पाठवला होता. त्याचं पाकीट काकांनी त्याच दिवशी सकाळी फोडलं होतं. त्यांनी मान खाली घालून छातीवरच्या चौकड्या बघितल्या.

"माझ्या मागे काय आहे?"

"खिडकी. निळा पडदा. एक खुर्ची, तिच्यावर शाल टाकलेली."

खोलीतल्या खिडकीला पडदा नव्हता.

"बाई, ते माझं घर आहे."

पलीकडे बाईंनी मोठा श्वास सोडला. "मग तसं बोला ना. घाबरवलंत मला. घरच्या डब्याला नंबर काय दिलात तुम्ही?"

काकांनी सांगितला.

"अहो काका! मी सगळ्या ग्राहकांचे नंबर तपासले, तुमचं घर कुठे तपासणार? इथल्या पहिल्या खोलीच्या डब्याचाही तोच आहे. दोघं एका नंबरावर आलेत. अशा वेळी जो आधी उत्तर देतो त्याच्याशी माझं बोलणं होतं. दुसरा असतो जागच्या जागी, पण त्याच्यापर्यंत कोणी पोचत नाही."

"पण घरी कोणी नाही."

"जुनं चित्र अडकलं असेल. घरून कधी हात दाखवला होतात ना?"

"डबा लावला तेव्हा."

"तेच ते."

काकांना ते पटलं. पटवून घ्यायला बरं होतं म्हणून पटलं. शर्टाचं ते काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवी पलंगावर ठेवली, प्लास्टिक चुरचुरलं, आणि डब्यासमोर जाऊन हात चांगला उंच केला.

"आता?"

"नाही हो. आता तो हात खाली घेऊन नुसता उभा आहे."

"तो?"

"तुम्ही, म्हणजे. चित्रातले."

४

घरी जाऊन काकांनी आधी कुलूप बघितलं. कुलूप ठीक होतं. आत सगळं जिथल्या तिथे होतं. निळा पडदा, घड्याळ, पालथा घातलेला पेला. डब्याचा पडदा काळा.

खुर्चीवरच्या शालीची मात्र घडी झाली होती.

ती शाल बायकोने शेवटच्या दिवशी अंगावरून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली होती, ती तशीच होती. काका तिच्यावरची धूळ फुंकरीने उडवायचे, पण हात लावायचे नाहीत. आणि आता कोणीतरी तिची चौघडी करून, कडा जुळवून, खुर्चीच्या बैठकीवर ठेवली होती. नीट, मायेने.

काका पलंगावर बसून राहिले. माणूस एकटा राहिला की आपण केलेलं आपल्यालाच आठवत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. रात्री उठलो असू, घडी केली असेल, परत झोपलो असू. हेही त्यांनी पटवून घेतलं. शालीचा वास घ्यावा असं फार मनात आलं. पण दुसऱ्याने केलेली घडी मोडवेना.

५

रविवारी काका लवकर उठून डब्यासमोर स्टूल ओढून बसले. लेकीच्या फोनची वेळ झाली. घंटा वाजली नाही. पडदा काळाच राहिला. रस्त्यावरून एक गाडी गेली, वरच्या घरात कोणीतरी बादली सरकवली. खूप वेळाने काकांनी खिशातला मोबाइल काढून स्वतःच फोन लावला.

"बोला बाबा. काही राहिलं का सांगायचं?" लेकीचा आवाज ओला होता, आणि त्यात हसू होतं.

काका खाकरले. "तुझा फोन आला नाही."

"घ्या. आत्ता तर ठेवला. तासभर बोललो आपण." ती हसली. "किती बोललात आज बाबा. मी यांना म्हटलं, आमच्या बाबांना कोणीतरी किल्ली दिली. आईचं सगळं सांगितलंत. तिची शाल घडी करून ठेवली म्हणालात ना, तेव्हा मला रडूच आलं. पण बरं वाटलं हो. मला आपलं वाटायचं, बाबांना काही वाटलंच नाही."

काकांना विचारायचं होतं, मी काय सांगितलं? शेवटचं काय सांगितलं? विचारायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते "हं."

"झालं. परत 'हं' वर आलात," लेक म्हणाली. "येत्या रविवारी येते मी. तुम्हीच म्हणालात ना, ये म्हणून."

फोन ठेवल्यावरही काका बराच वेळ स्टुलावरच होते. आई गेल्यापासून त्यांनी लेकीला एकदाही 'ये' म्हटलं नव्हतं. ओठांवर यायचं, पण यायच्या आधी तिचं "ठेवते" यायचं. आपल्या लेकीचे डोळे दुसऱ्या कोणी पुसले, तर त्याला शिव्या द्याव्यात की त्याचे पाय धरावेत, ते त्यांना कळेना.

काळ्या पडद्यामागे, जाळीतून, कोणीतरी हळूच खाकरलं. दोनदा. दुसरं अर्धवट गिळलेलं.

या वेळी काकांनी लगेच उत्तर द्यायचं ठरवलं होतं. पण आधी त्यांना घसा साफ करावा लागला, आणि तोवर जाळी गप्प झाली.

६

"बाई, घरचा नंबर बदला," काकांनी दुसऱ्याच दिवशी गळ घातली.

"बदलायचाच आहे. पण त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीवाल्याने रविवारपर्यंत त्या नंबराला हात लावू नका म्हणून सांगितलंय. रविवारी सकाळी करू."

"लेक यायची आहे त्या दिवशी. ती यायच्या आत व्हायला हवं."

"होईल हो. लेकीला काय नंबर दाखवणार आहात?"

काका हसले. पण आठवडाभर, चालताना, पायऱ्या चढताना, दाढी करताना ते एक वाक्य घोटत होते. शेवटी तिने पाणी मागितलं, मी पाजलं, आणि ती म्हणाली, पोरीला सांगा, मी वाट बघितली, पण रुसले नाही. एवढंच होतं. एवढंच एवढी वर्षं घशात होतं. ते दुसऱ्या कोणी आधीच सांगितलं असेल, तरी काकांना ते आपल्या तोंडाने सांगायचं होतं. लेकीसमोर बसून.

७

रविवारी सकाळी ते बाईंच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. पडद्यावर त्यांचं घर होतं. निळा पडदा, खुर्ची, घडी केलेली शाल. कोणी नव्हतं. काकांनी नकळत सुटकेचा श्वास सोडला.

बाईंनी काहीतरी टाइप केलं. चित्र गेलं, परत आलं.

"झालं. आता घराला स्वतःचा नंबर आहे. कोणाशी म्हणून जुळणार नाही. आता त्याला कोणी हलवू शकत नाही."

काका खाकरले. बाई थांबल्या. काकांसाठी थांबायची सवय त्यांना होती.

"बाई, दोघं होते ना एका नंबरावर. तुम्ही बदललात तो कोणाचा?"

"जो उत्तर देत होता त्याचा. जो उत्तरच देत नाही त्याचा मी कसा बदलणार? त्याच्यापर्यंत मला पोचताच येत नाही."

"आणि जो राहिला?"

"तो जुन्या नंबरावर. हा बघा." बाईंनी दुसरं चित्र उघडलं. म्हाताऱ्यांच्या इमारतीतली पहिली खोली. बिनपडद्याची खिडकी, ऊन, प्लास्टिकची गादी. गादीवर एक पिशवी.

"तुमची हत्यारांची पिशवी ना ती? विसरभोळे झालात हं काका."

काकांनी खांदा चाचपला. सकाळी घरातून निघताना त्यांनी पिशवी खांद्याला लावली होती. दाराला कुलूप घालून किल्ली तिच्यातच टाकली होती. हे त्यांना स्पष्ट आठवत होतं. खांद्यावर पट्ट्याचा ताण अजून जाणवत होता. पिशवी नव्हती.

"किल्ली आहे तिच्यात," ते म्हणाले.

पण बाईंचा फोन वाजला होता आणि त्या दुसऱ्याच कोणाला तरी सांगत होत्या, "बोला काका. हो, झालं काम. तुम्हीच बोलताय ना? एवढ्या लवकर घरी पोचलात?"

८

किल्लीशिवाय घरात जाता येणार नव्हतं, म्हणून काका आधी त्या इमारतीत गेले. ओसरीवर त्यांच्या चपलांचा आवाज झाला तेवढाच. पिशवी गादीवर होती, किल्ली आत होती. जाता जाता सवयीने ते डब्यासमोर थांबले आणि हात वर केला. हात दुखेपर्यंत तसाच ठेवला. कोणी काही म्हटलं नाही.

मग ते घाईने निघाले. घाई करायची सवय नव्हती, धाप लागली. लेक पोचायच्या आत दार उघडायचं होतं, दिवा लावायचा होता, वाक्य तयार होतं.

जिन्याच्या वळणावरूनच त्यांना दार उघडं दिसलं. आत चहा उकळल्याचा वास होता. लेकीचं हसणं ऐकू आलं, लहानपणी हसायची तसं, पोट धरून. तिच्या हसण्यामध्ये कोणीतरी हळू आवाजात, न अडखळता बोलत होतं. मधेच खाकरत होतं आणि पुढे बोलत होतं. शब्द कळत नव्हते. 'रुसले नाही' एवढे मात्र कळले.

दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून शालीची कड दिसली, लेकीच्या खांद्यावर. मग चौकडीची बाही. आणि बाहीतून एक हात वर आला, डावा, पंजा उघडा, जिन्याच्या दिशेने. थोडा वेळ तसाच राहिला. मग निवांत खाली गेला.

काकांच्या हातात किल्ली होती. ती कुठल्या दाराची, तेवढंच त्यांना आठवेना.

"दूध संपलंय, मी आणते खालून," लेक आत म्हणाली आणि बाहेर आली. शाल सावरत जिना उतरू लागली. डब्याच्या पडद्यावर दिसायचे त्याहून केस जास्त पांढरे होते तिचे. डोळे रडून स्वच्छ झालेले. ती त्यांच्या वरच्या पायरीवर आली, आणि थांबली. त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या शर्टाकडे बघितलं. कपाळावर एक बारीक आठी आली, काहीतरी आठवावं आणि आठवू नये तशी.

काका खाकरले. एकदा. दुसऱ्यांदा. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं.

अनोळखी म्हाताऱ्याला जिन्यात वाट देतात तशी ती भिंतीकडे सरली, आणि काही न बोलता खाली निघून गेली.